युनूस, बेस कमी कर

युनूस, देविदासदादा म्हणाला, शोकसभेत वाचायला तुझ्यावर कागदभर मजकूर लिहून दे. जन्म, शिक्षण, मोताळ्यातलं मोटर वायंडिंगचं दुकान, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी आणि दोन मुलं. मी लिहायला बसले आणि 'मनमिळाऊ'पाशी थांबले. तू कधी मनमिळाऊ होतास? शेतकऱ्याने जळालेली मोटर आणली की हात लावायच्या आधी त्याला झापायचास. "मरेपर्यंत चालवता अन् मंग माह्याकडे आनता. मी काय इथं कब्रस्तान उघडलं काय?" समोरचा हसायचा, तूही हसायचास. परवा ते वाक्य आठवलं, हसूही आलं, पण अर्ध्यात अडकलं.

तो कागद मी नंतर पुरा करीन. दादाला जे हवं ते लिहून देईन. हे मात्र तुला लिहिते आहे. पुस्तकी मराठीत लिहिते आहे, माहीत आहे मला. तू असतास तर म्हणाला असतास, "काय वं कुंदा, पुन्याले नोकरी लागली काय?" पण शाळेत पंचवीसेक वर्षं फळ्यावर लिहून हात असाच वळतो. बोलायला बसले असते तर आपलंच बोलले असते.

मला त्या बॉक्सबद्दल बोलायचं आहे.

आपल्या गाण्याच्या पार्टीत गिटार ही तशी चैनच होती. ढोलकी देविदासदादाची, पेटी होती, पुढे कीबोर्ड आला. रोहिणखेडच्या शाळेत आपण एका वर्गात होतो, तेव्हा तू बाकावर बोटं वाजवून मार खायचास. बुलढाण्याला आयटीआय करायला गेलास आणि कोणाकडून तरी जुनी गिटार घेऊन आलास. पार्टी बनली तोवर तू दोन मुलांचा बाप झाला होतास. भीमगीतांच्या पार्टीत गिटारवाला मुसलमान, यावरून सुरुवातीला दोन्हीकडे थोडी कुजबुज झाली. तुझे चुलते म्हणाले, तुला आपली माणसं नाहीत काय. आमच्याकडचा एक जण म्हणाला, याला गाण्याचा अर्थ तरी कळतो काय. दादाने दोघांनाही एकच उत्तर दिलं, "पोट्टं तालात हाय." विषय मिटला.

बरीच वर्षं तुझी गिटार मंडपवाल्याच्या भोंग्यातून वाजायची. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. तुला ते सहन व्हायचं नाही. मग खामगावला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यांच्या सामानातून तू बारा इंची स्पीकर उचलून आणलास, पोटाशी धरून, बसमध्ये उभा राहून. फळ्या सुताराकडून कापून आणल्यास आणि दुकानात बसून बॉक्स स्वतः ठोकलास. चारी बाजूंनी बंद, मागूनही बंद, वरून काळं रेग्झीन. उभा केला तर माझ्या कमरेपर्यंत यायचा. दादा म्हणाला, "हे काय गव्हाची कोठी बनवली काय?" तू म्हणालास, "इहीर खोल पाह्यजे दादा. तवाच आवाज घुमते."

घुमला. जळगाव जामोदला पहिल्यांदा लावला आपण तो. बाकांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज होतं. तू जाड तार छेडलीस आणि पायाखालचं सगळं स्टेजच वाजायला लागलं. कीबोर्डचा स्टँड थरथरत होता. मी माइकमध्ये जीव तोडून गात होते आणि मलाच माझा आवाज येत नव्हता. गाणं मी स्वतः बांधलेलं होतं, वस्तीतून पहिल्यांदा शाळेत गेलेल्या मुलीचं. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी पुढे आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माय, तू चांगलीच गायली असशीन. पन मले एकबी बोल आयकू नाई आला. नुसतं धम धम."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी तुझ्या दुकानात आले.

"युनूस, बेस कमी कर."

"कमीच हाय."

"म्हातारी काय बोल्ली, आयकलं ना तू?"

"म्हातारीचे कान गेले असतीन," तू म्हणालास आणि हातातली तार तशीच धरून बसलास. माझ्याकडे बघेनास. मला वाटलं, वाईट बोलल्याची लाज वाटली. गिऱ्हाईक आलं आणि मी निघाले.

त्यानंतर आपण त्या बॉक्सच्या मागे लागलो. मी लागले, आणि तुला ओढत नेलं. आधी त्याला स्टेजच्या कोपऱ्यातून काढून मधे ठेवला. थोडा फरक पडला. मग दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढवला. तेव्हा मात्र खूपच फरक पडला, कारण स्टेजच्या फळ्या वाजणं थांबलं. पण खुर्च्या हळूहळू सरकायला लागल्या. धाडच्या कार्यक्रमात दादा एका हाताने ढोलकी आणि दुसऱ्या हाताने बॉक्स सांभाळत होता, त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मग तुला कोणीतरी सांगितलं की आत कापूस भरला की घुमणं मरतं. कापसाला आपल्याकडे काय तोटा! माझ्या भावाच्या घरात वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत लागला होता. तू पोतंभर आणलास, सरकीसकट, न पिंजलेला, आणि कोंबलास. आवाज बसला खरा, पण असा बसला की गिटारला सर्दी झाल्यासारखी वाटायला लागली. त्याच आठवड्यात मोताळ्यात एका लग्नाचं रिसेप्शन होतं. तू वाजवायला लागलास आणि बॉक्सच्या जाळीतून कापसातले लाल किडे बाहेर यायला लागले. एक, दोन, मग रांगच. नवरीच्या शालूवर एक चढला आणि तिची मावशी किंचाळली. तू वाजवणं थांबवलं नाहीस. नुसता माझ्याकडे बघून पुटपुटलास, "तुह्या भावाचे पाव्हने हायेत." मला कडवं पुरं करता आलं नाही हसण्यामुळे. इतकी वर्षं झाली, तरी कापसाची गाडी दिसली की मला ते लाल किडे आठवतात.

हसण्याचे दिवस तेवढेच. कारण कापूस काढून टाकल्यावर बॉक्स पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की तुला तो खरं तर कमी करायचाच नाही. माझ्यासमोर अँपचं बटण डावीकडे फिरवायचास आणि दुसऱ्या गाण्याला गुपचूप उजवीकडे. मी तुला पकडलं.

"काऊन करून राह्यला तू असं?"

"कुंदा, गानं पायातून चढते मानसाच्या. जमीन हालली पाह्यजे."

"माह्या गान्यात बोल मोठा हाय. माह्या मायले अक्षर वाचता येत नव्हतं युनूस. तिले जे काई समजलं ते सारं गान्यातून समजलं. कोन आपल्यासाठी काय करून गेलं, आपून कोन हाओ, सारं. तिले बोल आयकू आले नसते त मी आज शाळेत शिकवत नसती. तुह्या धमधमीपायी माह्या लोकाईले बोल आयकू येत नाई."

तू खाली वाकून केबल गुंडाळत राहिलास. तुझं ते गप्प बसणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं. मी दादाला सांगितलं, एकतर हा बॉक्स येईल नाहीतर मी. दादा बिचारा दोन दिवस ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला. शेवटी त्या हंगामात मी गेले नाही. माझ्या जागी नांदुऱ्याहून एक बाई बोलावल्या. आवाज दणकट होता त्यांचा, म्हणे बॉक्सला पुरून उरायच्या.

आज तुला स्पष्ट सांगते, माझं तेव्हाचं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. फक्त ते अर्धं होतं, आणि दुसरं अर्धं तुझ्या घरात होतं.

एका रविवारी दुपारी मी तुझ्याकडे आले. भांडायला नाही. शाळेतला पंखा जळाला होता, हेडमास्तरांनी पाठवलं होतं. दुकान बंद होतं, म्हणून मागच्या गल्लीतून घराकडे वळले. गल्लीतच मला तो आवाज पायांत जाणवला. तुमच्या न्हाणीघराचा पत्रा खणखणत होता. मनात म्हटलं, घरीही यांना हाच धिंगाणा. दार उघडंच होतं.

रेहाना भाभी जमिनीवर बसल्या होत्या, पाठ बॉक्सला पूर्ण टेकवून. मांडीवर सूप होतं, तुरी निवडत होत्या. तू समोर खाटेवर बसून वाजवत होतास. कोणी गात नव्हतं. पण भाभींचे ओठ हलत होते. मी बघत राहिले. जुनं गाणं होतं, लग्नाच्या हळदीत गातात ते, आणि त्या बरोबर जागी ओठ मिटत होत्या, बरोबर जागी उघडत होत्या. तू मधेच एक जागा वळवून वाजवलीस तर त्यांनी डोळे न उघडता तुझ्या दिशेने बोट दाखवलं. चुकलास म्हणून.

भाभींना ऐकू येत नाही हे तर सगळ्या मोताळ्याला माहीत होतं. धाकटा पोटात असताना त्यांना मेंदूत ताप गेला आणि कान गेले. पोरगा सुखरूप झाला, कान परत आले नाहीत. औरंगाबादपर्यंत नेलंस, कानाचं मशीन आणलंस. त्याची नुसती शिट्टी यायची म्हणून त्यांनी ते पेटीत टाकून दिलं. हे सगळं मला माहीत होतं. पण तू मोठा स्पीकर का आणलास, बॉक्स चारी बाजूंनी बंद का केलास आणि बेस कमी करायची वेळ आली की तुझा हात का अडखळतो, हे मी त्याच्याशी कधी जोडलंच नव्हतं. म्हातारीच्या कानांबद्दल बोलून तू तसा का बसून राहिलास, तेही तिथे उभ्या उभ्या समजलं.

तू मला पाहिलंस आणि गिटार खाली ठेवलीस. वाजणं थांबताच भाभींनी डोळे उघडले.

"काय झालं? लाइट गेली?" त्यांनी मोठ्याने विचारलं. त्यांचा आवाज तसाच असायचा, आपला आपल्याला ऐकू न आल्यामुळे मोकळा सुटलेला. मग मी दिसले. "अगंबाई, कुंदा! बस ना. तू अन् हे बोलत नाई म्हने?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "तिले एवढंच पोचते, कुंदा. जाडी तार. बारक्या तारा गेल्या तिच्यासाठी. शादीनंतर ती मले रोज बजवाले लावे. मंग कान गेले अन् मी दोन साल गिटारले हात नाई लावला. कोनासाठी लावू? एक दिवस एका लग्नात तिनं वाजत्या भोंग्यावर हात ठेवला अन् मले म्हने, इथं काईतरी हाय."

मी भाभींजवळ जमिनीवर बसले.

"आता तू म्हंते, बेस कमी कर. तुह्यं खरं हाय. लोकाईले बोल पाह्यजे. पन मी कसा करू सांग? स्टेजवरबी बटन खाली केलं की वाटते, तिच्या पाठीखालचं गेलं. तुह्या आवाजासाठी तिचं बंद करू?"

"काय म्हनून राह्यले दोघं?" भाभी.

तू हातवारे करून, ओठ सावकाश हलवून त्यांना सांगितलंस की कुंदाला आवाज जड होतो. भाभींनी मान हलवली आणि सुपातली तूर पाखडत म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. गानारीचा गळा दबला त मंग काय राह्यलं? करा तिच्यासारखं." इतकं सहज. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. तुझ्याकडे बघवेना. चहा घेतला, पंख्याचं सांगितलं आणि घरी आले.

त्यानंतर आपल्यात बेसचा विषय निघाला नाही. मी पार्टीत परत आले, ते धमधमीतच गायचं ठरवून, माइक ओठांना चिकटवून. आणि तू बटण खरंच कमी ठेवायला लागलास, इतकं कमी की गिटार आहे की नाही कळायचं नाही. दोघंही एकमेकांना सवलत देत होतो आणि गाणं दोन्हीकडून मरत होतं. दादा एकदा वैतागून म्हणाला, "तुमी भांडत होते तवाच बरं होतं बे."

मग तो दिवस आला. बॉक्समधली एक तार सुटली होती म्हणून तू मागची फळी उघडलीस. मी दुकानातच होते, नव्या गाण्याची चाल बसवायला आले होते. तू तार जोडलीस आणि बघायला म्हणून, फळी न लावताच, वाजवलीस.

आपण दोघंही थबकलो. घुमणं गेलं होतं! तीच गिटार, तोच स्पीकर, बटणं तिथेच, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. उन्हात वाळवलेल्या कपड्यासारखी कोरडी, हलकी. "गाय," तू म्हणालास. मी गायले. पहिल्यांदा त्या बॉक्ससोबत मला माझा शब्दन् शब्द ऐकू आला. तू फळी मागे धरलीस, घुमलं. काढलीस, गेलं. लहान मुलासारखं चार-पाच वेळा केलंस. मग मला समजावून सांगितलंस, "स्पीकरचा कागद हवा पुढं ढकलते तवा मांगून ओढते. मांगून उघडं असलं की मांगची हवा फिरून पुढं येते अन् जाड्या आवाजाले मारून टाकते. बारका आवाज सिध्धा जाते, तो मरत नाई. माह्या डोक्सात हे काऊन नाई आलं?" पुस्तकात वाचलेलं नव्हतंस, नुसतं फळी धरून-काढून समजलं होतं. मलाही तेव्हाच समजलं.

आणि तेवढ्यात आतल्या दारातून भाभी आल्या, हात पिठाने भरलेले. "बंद काऊन केलं?"

तू तर वाजवतच होतास! पण त्यांच्या पायाखालून ते गेलं होतं. तुझा चेहरा पडला. मी फळी उचलून मागे दाबून धरली आणि तुला खूण केली. तू जाड तार छेडलीस. भाभींनी पिठाचा हात बॉक्सच्या रेग्झीनवर ठेवला. "हाव. आता हाय," त्या म्हणाल्या.

उत्तर आपल्या तिघांच्या मधोमध उभं होतं. खिळे-स्क्रू काढून तू फळीला हाताने फिरवायचे नट बसवलेस. कार्यक्रमाला जाताना फळी घरी राहायची आणि बॉक्स लोखंडी अँगलच्या स्टँडवर, जमिनीपासून वर चढायचा. घरी आला की खाली, कोपऱ्यात, भिंतीला लागून, मागून बंद. मग कितीही घुमो. फळी काढायचं काम भाभींनी स्वतःकडे घेतलं. जीप आली की त्या नट फिरवायच्या आणि मला म्हणायच्या, "घे माय, तुह्यावाला करून देल्ला." परत आल्यावर फळी लावताना काही म्हणायच्या नाहीत, नुसत्या पाठ टेकून बसायच्या, की तुला वाजवायलाच लागायचं. दमलेला असलास तरी वाजवायचास.

असं कित्येक वर्षं चाललं. आणि खोटं कशाला बोलू, भांडण काही संपलं नाही. स्टँडवरून, मागून उघडा असूनही तू अँपचं बटण थोडं उजवीकडे सरकवायचासच. "सवय हाय," म्हणायचास. मी गाता गाता डावा हात खाली करून इशारा करायचे, बेस कमी कर. लोकांना वाटायचं तो माझा हावभाव आहे. बोराखेडीच्या एका मुलीने तर गाताना तसाच हात करायला सुरुवात केली. तू मला तिच्याकडे बोट दाखवून इतका हसलास की तुझा ताल गेला. तुझा ताल गेलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

शेवटचं आपलं बोलणंही याच्यावरच झालं. तू दुकानात होतास, फोनवर म्हणालास की भीमजयंतीला नवीन गाणं उघड्या बॉक्सवर नको, अर्धी फळी लावून बघू, खालची अर्धी. "तुह्या बोलाले काई होत नाई अन् जमीनबी थोडी हालते. बसून पाहू." मी म्हणाले, अर्ध्या फळीचे नखरे नकोत. तू म्हणालास, "एकदा आयकून त पाय." मी म्हणाले, पाहू. तो 'पाहू' तिथेच राहिला, युनूस. अर्धी फळी कशी वाजली असती, मला माहीत नाही. कदाचित तुझं बरोबर निघालं असतं. ते माझ्याच्याने मान्य झालं असतं की नाही, तेही माहीत नाही.

तुझी बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी घरात भाभींजवळ बसले. घरभर बायका रडत होत्या आणि भाभी एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, कोण काय बोलतंय ते समजून घ्यायला. दादा माती देऊन आला आणि अंगणाबाहेर पायावर पाणी घेत उभा राहिला.

आणि लगेच जयंती आली. कार्यक्रम रद्द करायचा असं मी म्हटलं. दादा म्हणाला, "तो असता त म्हन्ला असता, सुपारी घेतली अन् आले नाई? लाज वाटू द्या." मलकापूरहून एक गिटारवाला बोलावला. सज्जन माणूस, हात तयार. त्याच्याजवळ कंपनीचा छोटा अँप होता, खुर्चीवर मावेल एवढा. आवाज काचेसारखा स्वच्छ. वस्तीतल्या मुलीचं गाणं मी गायले. शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचला. लोक येऊन सांगत होते, ताई, आज एकेक बोल ऐकू आला. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते तसंच्या तसं मिळालं. आणि दुसऱ्या कडव्यात माझा सूर घसरला, कारण माझ्या पायांना काहीच लागत नव्हतं. रिकाम्या जिन्यावरून खाली उतरताना एक पायरी कमी असावी तसं झालं. दादाने ढोलकीची थाप मोठी करून मला सावरलं. माझा डावा हात खाली गेला होता आणि मी तो परत वर घेतला.

परवा मी भाभींकडे गेले. तू गेल्यानंतरची त्यांची इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मोठा मुलगा पुण्याहून आलेला आहे, दुकानाचं काय करायचं ते बघतोय. तुझी बहीण स्वयंपाकघरात होती. बॉक्स कोपऱ्यात होता, त्यावर कोणीतरी धुतलेल्या चादरी रचून ठेवल्या होत्या. मी तिकडे बघितलेलं भाभींनी बघितलं.

"राहू दे तथीच," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, त्यांना जेवढं हळू जमतं तेवढ्या, विचारलं, "जयंतीले गायली?"

मी मान हलवली.

"कशी गायली?"

मी हात हलवून सांगितलं, ठीक.

भाभी थोड्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसलेल्या मी पाहिल्या. "मले तुहा आवाज कधीच नाई आयकू आला, कुंदा. तुमची पार्टी बनली तवा माह्ये कान गेलेले होते. बॉक्समंधूनबी तू कधी नाई आली. म्हनून मी यांले विचारो. परतेक कार्यक्रमाहून आले की विचारो, आज कुंदा कशी गायली."

तू मला कधी चांगलं म्हणाला नाहीस, युनूस. एकदाही नाही. लोक टाळ्या वाजवायचे, पाटीलबुवा शाल द्यायचे, वर्तमानपत्रात फोटो यायचा. मी तुझ्याकडे बघायचे आणि तू केबल गुंडाळत म्हणायचास, "ठीक होतं. तिसऱ्या कडव्यात घाई केली." मला वाटायचं, तुला गिटारच्या पलीकडे काही ऐकूच येत नाही.

"मंग? काय म्हनत?" मी विचारलं. त्यांनी माझे ओठ वाचले.

"पैले पैले नुसतं म्हनत, चांगली गायली. मी म्हनो, चांगली म्हंजे कशी? मले त समजलं पाह्यजे ना. मंग एक दिवस लय विचार केला त्यांनी. माहा हात हातात घेतला." भाभींनी माझा हात घेतला आणि तळवा वर केला. "म्हने, वावरात मोटर चालू केली ना रेहाना, की पानी यायच्या आंधी पाइपाच्या तोंडातून हवा येते. थंडी हवा. पानी आलं नसते, पन समजते का आता येते. तशी गाते ती." आणि त्यांनी माझ्या तळव्यावर फुंकर घातली.

स्वयंपाकघरातून तुझ्या बहिणीने काहीतरी विचारलं. मी तळवा मिटून घेतला.

"त्या दिवसापासून," भाभी म्हणाल्या, "हे घरी आले की मी हात पुढं करो अन् हे फुंकर मारत. जोरात मारली की समजो, आज बेस गायली. हळू मारली की समजो, आज गळा बसला. तिसऱ्या कडव्यात घाई केली त मधीच थांबत." त्या मनापासून हसायला लागल्या, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. "तुले नाई सांगितलं त्यांनी?"

नाही सांगितलंस, युनूस. इतकी वर्षं एका जीपमध्ये बसून, एका डब्यातली भाकर खाऊन, ते एक तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस, तरी मी स्टेजवर तुझ्याशी भांडलेच असते. पण तुझ्या घरी येऊन एखाद्या दिवशी मीही हात पुढे केला असता.